फिरती मॅट

मॅट म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्ही दारातलं पायपुसणं समजाल. रबर लावलेल्या जाड कापडाची, उभी चार नळकांडी एकमेकांना चिकटवल्यासारखी दिसणारी, तोंडाने फुगवायची. ती छातीखाली घ्यायची, कमरेएवढ्या पाण्याच्या पलीकडे जायचं आणि मागे वळून बघत राहायचं. चांगली लाट आली की पाय मारायचे. मग लाटच तुम्हाला उचलते आणि वाळूपर्यंत आणून टाकते. यात जिंकायचं काही नसतं, टाळ्या वाजवायला कुणी नसतं. चाळिशी ओलांडलेल्या बाईने हे का करावं, असं विचारणाऱ्यांशी मी फारसं बोलत नाही.

मी हर्णैची. लहानपणी होडीच्या मोडक्या फळीवर पोट टेकून आम्ही हेच करायचो आणि घरी मार खायचो. पुढे शिक्षण झालं, नोकरी लागली, आई अंथरुणाला खिळली, आई गेली आणि नोकरी तेवढी उरली. तळोज्याला रंगांच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होते आणि कोपरखैरण्याला सिडकोच्या घरात राहायचे. कोपरखैरण्याला खाडी आहे, पण तिला समुद्र म्हणायचं म्हणजे ताकाला दूध म्हणण्यापैकी. एकट्याच राहता का, असं लोक विचारायचे. हो म्हटलं की नजर आधी गळ्याकडे जायची, मग दाराच्या कुलपाकडे.

त्या काळात मी एका वर्तमानपत्राला पत्र पाठवलं होतं, हर्णैच्या त्या फळ्यांबद्दल. कोपऱ्यात कुठेतरी छापून आलं. महिन्याभराने पेपरवाल्यांनी एक कार्ड पुढे धाडलं. रत्नागिरीचे कुणी नंदकिशोर शेट्ये, मत्स्य खात्यात कारकून. एका परदेशी प्रवाशाने जाताना त्यांच्याकडे एक मॅट सोडली होती. ती ते एकटे वापरत नव्हते. मालवणचे पराडकर मास्तर, वेंगुर्ल्याची मीना आणि कारवारचे नाईक अशी आणखी तीन माणसं होती आणि मॅट या चौघांत फिरत होती. फळीवर लाटा घेतलेल्या माणसाला मॅट जमेल, पाचव्या होता का, असं त्यांनी विचारलं होतं. मी आयुष्यात कुणाला इतक्या झटकन हो म्हटलं नव्हतं. लग्नालासुद्धा नाही, आणि तिथे तर म्हणायची वेळच आली नाही.

नियम साधा होता. आपापल्या किनाऱ्यावर चांगल्या लाटा असतील ते दिवस मॅट आपली. भोक पडलं तर आपण ठिगळ लावायचं आणि मुदत संपली की पुढच्याकडे पाठवायची. मी सगळ्यात वरच्या टोकाला, त्यामुळे मला ती रत्नागिरीहून यायची आणि रत्नागिरीलाच परत जायची. तिथून खाली मालवण, वेंगुर्लं, कारवार आणि परत वर. एस.टी.ने फिरायची. पनवेल स्टँडवर रत्नागिरीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हवाली करायची, तो तिकडे शेट्यांच्या हातात द्यायचा. गणपती गेले की यायची, दिवाळीला जायची.

त्यामुळे पाचांपैकी मला ठाऊक होते ते फक्त शेट्ये, तेही आवाजापुरते. मॅट पाठवली की मी बूथवरून फोन करायचे, मॅट निघाली की ते माझ्या कारखान्यात करायचे. बाकीच्यांची खबर त्यांच्याकडून मिळायची. मास्तरांचा चष्मा लाटेत गेला. नाईक आता नातवाला घेऊन जातात. मीनाला मुलगी झाली. मी कुणाचाही चेहरा पाहिला नव्हता, पण ठिगळांवरून ओळखायचे. मास्तरांची ठिगळं चौकोनी, पट्टीने आखून कापल्यासारखी. मीनाची वेडीवाकडी. संध्याकाळी कुकरची शिट्टी होईपर्यंत मी या लोकांशी मनातल्या मनात बोलत बसायचे. हसू नका. टीव्हीतल्या लोकांशी बोलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यापेक्षा हे बरं. हे निदान खरे होते.

रविवारी सकाळी मी उरणची बस धरायचे. उरणचा समुद्र काही मोठा नखरेल नाही. गढूळ पाणी, बेताच्या लाटा. पंजाबी ड्रेसवर ओढणी कंबरेला गच्च बांधून मी पाण्यात शिरायचे. किनाऱ्यावर बाळाबाई नावाची कोळीण मासळी वाळत घालत असायची. माझी पिशवी तीच सांभाळायची आणि त्याच्या मोबदल्यात मला चार शब्द सुनवायची.

"काय गो बाय, या वयान पान्यान खेलतेस? घरा वाट बघनारा कोन नाय काय?"

"कोणी नाही."

"मंग खेल," ती म्हणायची. "पन मरू नको. तुजी पिशवी मी कोनाला देनार?"

सत्त्याण्णव साली मॅट आली तीही अशीच, गणपती गेल्यावर. दोन रविवार उत्तम गेले. तिसऱ्या रविवारी उरणहून आले, मॅट गोड्या पाण्याने धुतली, वाळायला गॅलरीत फुगवून ठेवली आणि सोमवारी कामावर गेले. किल्ली नेहमीप्रमाणे समोर वेणूबाईंकडे दिली, कारण दुपारी गॅसवाला येणार होता.

वेणूबाई म्हणजे समोरच्या दारातली साताऱ्याकडची बाई. नवरा आप्पा, मुलगा बाजीराव. दोघेही माथाडी, वाशीच्या बाजारात पोती वाहणारे. आदल्या पावसाळ्यात पोत्यांची थप्पी आप्पांच्या अंगावर कोसळली. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर गेलं. तेव्हापासून ते बाहेरच्या खोलीत कॉटवर. पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या आणि रात्री त्यांचं कण्हणं माझ्या भिंतीतून ऐकू यायचं. डॉक्टरांनी हवेची गादी घ्या म्हणून सांगितलं होतं. वेणूबाईंनी मला विचारलं, असली गादी कुठं मिळते ओ ताई? मी म्हटलं, "आमच्या कंपनीच्या दवाखान्यात बघते हं मी."

आपण म्हणतो ना असं. म्हणतो आणि विसरतो. तसं मी म्हटलं होतं आणि तशीच विसरले होते.

सोमवारी संध्याकाळी जिना चढून आले तर वेणूबाई दारातच उभ्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागल्या.

"ताई, लई उपकार झालं तुमचं. गॅसवाल्याला दार उघडाय गेली तर गॅलरीत गादी दिसली. म्हनलं, ताईंनी आनली बगा, बोलल्या न्हाईत. दुपारच्याला घातली ह्यांच्या खाली. तवाधरनं झोपल्यात. कण्हनं न्हाई, काय न्हाई."

मी आत डोकावले. आप्पा एका कुशीवर झोपले होते, तोंड जरा उघडं. आणि त्यांच्या पाठीखाली, चादरीच्या कडेने, मास्तरांचं एक चौकोनी ठिगळ दिसत होतं.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता? ही गादी नाही, मी हिच्यावर पोट टेकून समुद्रात खेळते, तेव्हा आजारी माणसाखालून काढून द्या? माझी जीभ एरवी बरीच तिखट आहे. त्या संध्याकाळी मात्र तिच्यावर एवढंच आलं. मी म्हटलं, "झोपू दे त्यांना." वेणूबाईंनी वाटीभर शेंगदाण्याची आमटी दिली. ती घेऊन मी घरी आले आणि दार लावून स्वतःला भरपूर शिव्या घातल्या.

उपाय तर सरळ होता. खरी गादी आणायची, ही काढून घ्यायची. दिवाळीला अवकाश होता. शनिवारी वाशीच्या दुकानातून मोटारवाली गादी आणली, आजाऱ्याच्या पाठीखाली फुगत आणि बसत राहणारी. बाजीरावाने ती जोडून दिली. आप्पा तिच्यावर एक रात्र झोपले. खरं तर झोपले नाहीतच.

"पिठाच्या गिरनीवर निजल्यागत वाटतंय," त्यांनी सकाळी मला बोलावून सांगितलं. "घरघर घरघर. आनि लाइट गेली की खाली बसती. पोरी, माजी ती पयलीच दे."

वेणूबाईंनी त्यांचा सदरा वर करून मला पाठ दाखवली. जखमांच्या कडा कोरड्या पडायला लागल्या होत्या. मी प्रयोगशाळेतली बाई, सुधारणा मला दिसते. त्या पाठीकडे बघून मॅट परत मागण्याची माझी जी काही हिंमत होती ती संपली.

मग माझं येणंजाणं वाढलं. खरं सांगायचं तर मॅटवर नजर ठेवायला मी जायचे, आप्पांना बघायला जाते असं सांगून. रोज संध्याकाळी हवा कमी झाली का ते बघायचं निमित्त. फुगवायला मीच फुगवायचे, कारण वेणूबाईंना दम पुरायचा नाही. एकदा मी मॅट फुगवत असताना आप्पा म्हणाले, "ही दवाखान्यातली न्हाई."

मी नळी तोंडातून काढली. "कशावरून?"

"वास येतुया. मिठाचा. आनि ही हालती बग. म्या श्वास घेतला तरी हालती. दवाखान्यातली वस्तू अशी जिती नसती."

वेणूबाई नळावर गेल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. हर्णै, फळी, शेट्ये, मास्तर, मीना, नाईक, एस.टी., उरण. कुणाला पहिल्यांदाच सांगत होते. साताऱ्याकडच्या दुष्काळी माणदेशातला हा म्हातारा हसत सुटेल असं मला वाटलं होतं. आप्पा हसले, पण वेगळ्याच गोष्टीला.

"आमच्याकडं प्यायाला पानी न्हाई आनि तुमी पान्यावर निजताय व्हय?" मग म्हणाले, "कशी बसत्यात ते दाव."

मी जमिनीवर पालथी पडून दाखवलं. हात पुढे, मान वर, पाय मारायचे. पन्नाशीकडे झुकलेली बाई फरशीवर पाय झाडतेय हे कुणी पाहिलं असतं तर सोसायटीच्या मीटिंगला वर्षभराचा विषय झाला असता. आप्पा अगदी लक्ष देऊन बघत होते.

"आनि मागनं लाट येती."

"हो."

"मग काय वाटतं?"

मी म्हटलं, "कुणीतरी उचलून नेतंय असं वाटतं."

त्यांनी छताकडे बघत मान हलवली. "जलमभर पाठीवर वझं वाह्यलं. पाठ धरनारं ह्ये पयलंच."

त्या दिवसानंतर त्यांना लाटेचं सगळं रोज हवं असायचं. आज उरणला पानी कसं हुतं? मोठी आली का? माझ्याकडे मॅट नव्हती, तरी मी रविवारी उरणला जायचे, नुसती वाळूवर बसून लाटा बघून यायचे आणि संध्याकाळी त्यांना सांगायचे. ते डोळे मिटून ऐकायचे. मध्येच हात पुढे घ्यायचे. मला ते आवडायचं, आणि आवडतंय म्हणून भीतीही वाटायची, कारण दिवाळी जवळ येत होती.

भीती कशाची ते स्पष्टच सांगते. मॅट वेळेवर गेली नाही तर मास्तरांचा हंगाम बुडणार, मग मीनाचा, मग नाईकांचा. एकदा साखळी तुटली की लोक दुसरं काहीतरी शोधतात. या चार माणसांशी माझं नातं त्या रबरी कापडाएवढं होतं. ते त्यांच्याकडे पोचलं नाही तर ती माणसं गेली. आणि माझ्याकडे दुसरी नव्हती.

दिवाळीच्या आधी मी पनवेलहून शेट्यांना फोन केला आणि सरळ खोटं बोलले. "मोठं भोक पडलंय. दुरुस्तीला दिलीय."

"असूंदे," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमी पावसात भिजून आल्यासारखा जड असायचा. "काही घाई नाही, बाई."

"मास्तर खोळंबले असतील."

"मास्तरांना मी सांगतो."

तो मोठेपणा मला टोचला. माणसाने रागवावं तरी. डिसेंबरात मी पुन्हा फोन केला आणि या वेळी खरं सांगितलं.

"त्यांना झोप लागते का तिच्यावर?" शेट्यांनी विचारलं.

"लागते."

"मग राहू द्या."

"शेट्ये, पण नियम आहे. मी बाकीच्यांना काय तोंड दाखवू?"

"तोंड कुणी पाहिलंय तुमचं?" ते म्हणाले, आणि मग घाईघाईने, "म्हणजे तसं नाही. राहू द्या. आता ते सहावे समजा."

मी घरी येऊन आप्पांना सांगितलं की तुम्ही सहावे. त्यांनी विचारलं, म्हंजी काय करायचं आसतं? मी म्हटलं, काही नाही, लाटा घ्यायच्या. ते म्हणाले, घेतुया की. मला बरं वाटलं, पण रात्री पडल्या पडल्या मालवणचे मास्तर माझ्याशी बोलेनात. मनातले मास्तरसुद्धा. इतकी वर्षं ज्यांच्याशी मी गप्पा मारत होते ती माणसं एकेक करून गप्प झाली. घर आधीही रिकामंच होतं. आता ते रिकामं आहे हे कळायला लागलं.

संक्रांत झाली आणि आप्पा गेले. मी तेव्हा तळोज्याला होते. संध्याकाळी आले तर जिन्यात चपलांचा ढीग होता आणि सगळं उरकलेलं होतं. साताऱ्याकडची माणसं रात्रीच्या गाडीने यायची होती, पण तेवढं थांबणं शक्य नव्हतं. वेणूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्याजवळ मी बसले. बाहेरच्या खोलीतली कॉट उभी करून भिंतीला लावली होती. तिच्या दोऱ्यांतून मागची भिंत दिसत होती.

मॅटचा विचार लगेच माझ्या मनात आला. अशा वेळी तो यायला नको होता, पण आला. खोलीत ती कुठेच नव्हती. बाजीराव पाणी द्यायला आला तेव्हा मी काही विचारलं नाही, पण माझी नजर कॉटवरून हलेना आणि ते त्याच्या लक्षात आलं असावं.

"त्यांचं अंथरून खाडीला दिलं, ताई," तो म्हणाला. "मानूस गेलं की ठेवत न्हाईत घरात. गोधडी, उशी, गादी, समदं."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आईचं अंथरूण हर्णैला आम्हीच टाकलं होतं. पण आप्पांच्या पाठीखाली आहे ते आप्पांचं अंथरूण आहे, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. माझ्या डोक्यात ती मॅटच होती, पाहुणी म्हणून राहिलेली. त्यांच्या घरात मात्र ती कधीच मॅट नव्हती. ती आप्पांची गादी होती, आणि मेलेल्या माणसाच्या गादीचं जे करतात ते त्यांनी केलं.

"बाकीचं बुडलं," बाजीराव म्हणाला. "ती गादी बुडंना. हवा काडाया सुचलंच न्हाई कुनाला. ओहोटी हुती. तरंगत तरंगत गेली पार."

मी पाणी प्यायले. तेवढं जमलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी खाडीवर गेले. कशाला गेले कुणास ठाऊक. चिखल, तिवरं, एक उलटी पडलेली होडी, निर्माल्याच्या पिशव्या. खाडीचं पाणी शेवटी समुद्रालाच जातं म्हणतात. जात असेल. मी तासभर उभी राहून परत आले.

दहाव्याला वेणूबाईंना कुणीतरी काहीतरी बोललं असावं. त्या संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या, डोक्यावर पदर, खाली मान. "ताई, ती गादी... तुमची खेळायची हुती व्हय? आप्पा एकदा बोलल्यालं, मला वाटलं, तापात बोलत्यात. आमी टाकून दिली ओ."

"माझी नव्हती," मी म्हटलं. "आप्पांचीच होती." आणि हे म्हणताना मला त्यांचा राग आला नाही. स्वतःचाही नाही. एवढं एकच त्या महिन्यात बरं झालं.

पण शेट्यांना सांगायचं बाकी होतं. रविवारी दुपारी मी जेवण टाळून बूथवर गेले. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. मास्तर, मीना, नाईक, तिघांची नावं घेऊन माफी मागायची, तुमचं दुसरं काही जमलं तर मला वगळा म्हणायचं आणि फोन ठेवायचा. काय तो एकदाचा निकाल लावून टाकायचा.

शेट्यांनी फोन उचलला. मी सगळं सांगितलं. आप्पा, अंथरूण, खाडी, ओहोटी. मग पाठ केलेल्या माफीला सुरुवात केली. मास्तरांच्या नावापर्यंत आले आणि त्यांनी मला थांबवलं.

"बाई, मास्तर दोन वर्षांपूर्वी बदली होऊन गेले. नागपूरला."

मला कळेना. "मग मालवणला मॅट कोण घेतं?"

"कुणी नाही. मीना लग्न होऊन मस्कतला गेली, ते त्याच्याही आधी. नाईकांनी सोडलं. गुडघे."

"पण मीनाला मुलगी झाली म्हणालात तुम्ही. मी झबलं शिवून पाठवलं मॅटबरोबर."

"ते माझ्या कपाटात आहे," शेट्ये म्हणाले.

बूथमध्ये उकडत होतं. काचेवर देवाचा फोटो चिकटवला होता त्याच्याकडे मी बघत राहिले. "म्हणजे मॅट दिवाळीला तुमच्याकडे यायची आणि..."

"आणि ट्रंकेत असायची. गणपती झाले की काढायचो, ठिगळ लावायचो, पाठवायचो. मास्तरांसारखं चौकोनी लावायचो एखादं. मी स्वतः पाण्यात जात नाही. माझं हृदयाचं झालं ना, त्यानंतर डॉक्टरांनी बंदी केली. ते सांगितलं नव्हतं तुम्हाला."

म्हणजे मास्तर नाहीत, मीना नाही, नाईक नाहीत आणि शेट्येसुद्धा नाहीत. कोकणच्या सगळ्या किनाऱ्यावर त्या मॅटवर लाटा घेणारी मी एकटीच होते. ज्यांचा हंगाम बुडेल म्हणून तीन महिने मला अन्न गोड लागत नव्हतं, ती माणसं कधीच पांगली होती. मला भयंकर राग आला.

"दोन वर्षं मला मूर्ख बनवलंत तुम्ही."

"हो," ते म्हणाले.

"का?"

मागे कुठेतरी त्यांच्या घरात घड्याळाचे ठोके पडले, आणि बाकी त्या घरात काहीच आवाज नव्हता. भांड्यांचा नाही, माणसाचा नाही. असा आवाज नसणं मला चांगलं ओळखता येतं.

"पाच जण आहेत म्हटल्यावर तुम्ही फोन करत होतात," शेट्ये म्हणाले. "दोघंच आहोत म्हटलं असतं तर केला असतात? एका परक्या माणसाला?"

नसता केला. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी तसं म्हटलं नाही. पाठ केलेलं सगळं संपलं होतं, आणि पाठवायला किंवा परत करायला आता आमच्या दोघांमध्ये कुठलीच वस्तू नव्हती. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. फोन ठेवायचा तर कारण होतं, न ठेवायला काही नव्हतं. त्यांनी ठेवला नाही. मीही नाही.

बूथवाल्याने काचेवर टकटक केली. बाहेर तिघं-चौघं उभे होते. "मॅडम, बोलत नसाल तर ठेवा ना. लाइन लागलीय."

मी दार किलकिलं केलं. "बोलतेय की," मी त्याला म्हटलं आणि दार परत ओढून घेतलं.